नळाला हात न लावता सोसायटीची भाजी

एक नियम आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तो पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. या लेखातल्या बागेला पालिकेच्या नळाचं पाणी घालायचं नाही. रोप लावताना नाही, उन्हाळ्यात नाही, "आजच्या दिवस चालेल" म्हणून तर नाहीच नाही.

हा नियम मला आपसूक सुचलेला नाही. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे. चार मजले, २८ घरं आणि मागच्या बाजूला वाडीच्या काळापासूनची एक विहीर. पहिल्या वर्षी हौसेनं गच्चीवर माठ, पालक, भेंडी लावली आणि टाकीच्या नळाला पाइप जोडून रोज संध्याकाळी भिजवत बसलो. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक मावशी आसनगावहून लोकल पकडून भाजी घेऊन येतात. एप्रिलमध्ये त्यांना कौतुकानं गच्ची दाखवायला नेलं. त्यांनी माठाचं पान बोटांत चुरगाळून पाहिलं, "बेस आलाय" म्हणाल्या, मग पाइपकडे बघून विचारलं, "हे नळाचं?" मी हो म्हटलं. "आमच्याकडं टँकर आला तर घरटी दोन हंडं," एवढंच बोलून त्यांनी टोपली उचलली.

आसनगाव शहापूर तालुक्यात येतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे पाच, म्हणजे तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, ठाणे-पालघर-नाशिककडचे. एकटं भातसा जवळजवळ निम्मी मुंबई पाजतं, आणि ते शहापूर तालुक्यातच आहे. तिथून नदीनं खाली आलेलं पाणी पिसे इथे पंपानं उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात, मग ते आपल्या तळटाकीत येतं आणि आपली मोटर ते पुन्हा चार मजले वर चढवते. धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर फिरतात. एवढा प्रवास केलेलं पिण्याचं पाणी माठाच्या वाफ्यात ओतायचं आणि वर त्याला शाश्वत शेती म्हणायचं, याला माझी तरी जीभ रेटत नाही.

त्यामुळे बाग करायची ती इमारतीवर पडणाऱ्या आणि इमारतीतून वाया जाणाऱ्या पाण्यावर. कशी, ते खाली क्रमानं. क्रम बदलू नका. आम्ही बदलला होता आणि त्याची फळं पुढे येतीलच.

पायरी १: आधी वही, मग कुदळ

गच्चीची लांबी-रुंदी मोजा. हिशोब सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आमची गच्ची ३०० चौरस मीटर. म्हणजे ६ लाख ६० हजार लिटर. उडून जाणं, मुरणं, सांडणं धरून पाचवा हिस्सा सोडा. तरी सव्वापाच लाख लिटर हाताशी येतं.

आकडा ऐकून बैठकीत सगळे खूश झाले. मग दुसरा हिशोब करा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर आमच्या ११२ माणसांना रोज १५ हजार लिटरच्या वर लागतं. गच्चीवरचा अख्खा पावसाळा इमारतीला पस्तीस दिवसही पुरत नाही. "पावसाचं पाणी साठवलं की नळाची गरज नाही" असं कोणी सांगितलं तर त्याला ही वही दाखवा.

बागेचं गणित मात्र जुळतं. ४० चौरस मीटर वाफे, उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला ४ लिटर, म्हणजे रोज १६० लिटर. ऑक्टोबर ते मे अशा आठ महिन्यांचे ३८-३९ हजार लिटर. गच्चीवर पडतं त्याच्या दहावा हिस्साही नाही. गोम एवढीच की पाऊस चार महिन्यांत येतो आणि तहान उरलेल्या आठ महिन्यांत लागते. ३९ हजार लिटरला हजार लिटरच्या ३९ टाक्या लागतील, त्या ठेवायच्या कुठे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती फिरतात.

अजून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा, अपेक्षा ताळ्यावर राहतात. ४० चौरस मीटरवर २८ घरांचं पोट भरत नाही. पालेभाजी, अळू, मिरची, कढीपत्ता, थोडी भेंडी, वेलावरची शिराळी, एवढंच. किलोभर तांदळामागे जगाच्या सरासरीनं २,५०० लिटर पाणी खर्ची पडतं. ते पाणी आपल्या गच्चीवर कधीच येणार नाही, ते कोणाच्या तरी शेतात आहे. आठवड्यातून चार दिवस नाचणी-ज्वारीची भाकरी खाल्ली तर गच्चीच्या बागेपेक्षा जास्त पाणी वाचेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण भाकरी थापायला सोसायटीचा ठराव लागत नाही आणि तिचे फोटोही निघत नाहीत, म्हणून लोक बागेकडे वळतात. वळू देत.

पायरी २: वाया जाणाऱ्या पाण्याची झडती

एका रविवारी वही घेऊन घरोघरी जा. तुम्हाला चार-पाच ठिकाणी पाणी सापडेल.

पहिलं एसीचं. मुंबईची हवा इतकी दमट की चालू एसीतून तासाला लिटरभर पाणी सहज गळतं. आमच्याकडे १५ एसी, रात्रीचे सहा तास धरले तर ९० लिटर. बागेला सगळ्यात जास्त तहान लागते नेमकी तेव्हाच, एप्रिल-मेमध्ये, हे पाणी मिळतं. भिंतीवरून ओघळणाऱ्या नळ्या एका उभ्या पाइपात सोडायच्या आणि खाली पिंपात घ्यायच्या. या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे झाडांना ते चालतं. फक्त एसी साफ करायला माणूस आला की त्या दिवशी पाइप सोडवून ठेवा, तो रसायन मारतो.

दुसरं आरओचं टाकाऊ पाणी. इथे जरा थांबून सांगते. धरणांचं पालिकेचं पाणी मुळात मऊ असतं, क्षार फारच कमी. जिथे फक्त पालिकेचं पाणी येतं तिथे आरओची गरज काय, हे मला अजून कोणी समजावू शकलेलं नाही. एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर गटारात! पण बसवलेलं यंत्र कोणी काढत नाही, तेव्हा ते पाणी तरी घ्या. पालिकेच्या पाण्यावरच्या आरओचं टाकाऊ पाणी भाजीला चालतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर आरओ असेल तर आधी मोजा, ते चांगलंच खारट निघू शकतं.

तिसरं तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं. घरटी चार लिटर म्हटलं तरी शंभर लिटरच्या वर. हे साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतं. प्रत्येक मजल्याला एक वाफा वाटून द्या आणि ज्याचं पाणी त्यानं त्याच दिवशी ओतायचं.

साबणाचं पाणी पालेभाजीला कधीच नाही. रुळांलगतच्या भाजीला नाल्याचं पाणी घालतात म्हणून आपण नाकं मुरडतो, मग वॉशिंग मशीनचं पाणी पालकाला कसं घालणार? पण आपल्या आज्यांना याचं उत्तर ठाऊक होतं. कोकणात मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर अळू, केळ आणि कर्दळ लावलेली असायची. तीच जागा, तीच झाडं. तळमजल्यावरच्या धुण्याच्या कट्ट्याचं पाणी आम्ही तसंच सोडलं आहे. अळूची पानं सुपाएवढी होतात, वड्यांना मात्र वरची, पाण्यापासून लांबची पानं काढून स्वच्छ धुऊन घ्यायची.

झडतीत गळकेही सापडतील. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला १५-२० लिटर घालवतो. आमच्या वरच्या टाकीचा बॉलकॉक अडकत होता आणि पहाटे अर्धा तास टाकी वाहायची. वॉचमनला ते माहीत होतं, पण त्याला विचारलंच नव्हतं कोणी. गळती दिसली की ते पाणी बागेकडे वळवायच्या फंदात पडू नका. गळती बंद करा.

पायरी ३: गच्चीला विचारा, झेपेल का

माती ओली झाली की घनमीटरला दीड टनाच्या वर जाते. फूटभर मातीचा वाफा म्हणजे चौरस मीटरला जवळपास ५०० किलो. माणसांच्या वावरासाठीची गच्ची साधारण १५० किलोच्या हिशोबानं बांधलेली असते. पुढचं सांगायला नको. नुसती माती गच्चीवर चढवायची नाही, हजार लिटरची टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही आणि इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल हातात आल्याशिवाय कुंडीसुद्धा वाढवायची नाही. इंजिनिअरला तुळया कुठून गेल्यात ते खडूनं आखून द्यायला सांगा. वाफे त्या रेषांवर आणि कठड्यालगत.

आमची पहिली चूक इथलीच. वाफे थेट लादीवर रचले, खालून पाणी जायला वाट ठेवली नाही. ऑगस्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या देवघराच्या छताला ओल आली. काका पुढचे सहा महिने माझ्याशी फक्त सोसायटीच्या लेटरहेडवरून बोलत होते. वाफ्याखाली विटांचे तुकडे ठेवून बोटभर पोकळी ठेवा, पाण्याचा उतार पन्हळीकडे राहू द्या, आणि ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गळती रोखायला गच्चीवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, तडे असतील तर ते आधी भरून घ्या. बाग नंतर.

पायरी ४: पन्हळीपासून खाली

तुमची इमारत २००२ नंतरची असेल तर पर्जन्यजल संधारणाची सोय कदाचित आधीच केलेली असेल, कारण तेव्हापासून मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना ती सक्तीची आहे. पण सोय असणं आणि चालू असणं यात फरक आहे. शोषखड्डा कुठे आहे ते शोधा, झाकण उघडा. बहुतेक वेळा तो गाळानं बुजलेला असतो, कधीकधी त्यावर कोणाची तरी गाडी उभी असते.

नव्यानं करायचं असेल तर असं करा. गच्चीचा उतार ज्या डाउनटेक पाइपाकडे, म्हणजे गच्चीचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाकडे आहे तो निवडा. पाइप जमिनीजवळ आला की त्याला दोन फाटे द्या आणि प्रत्येकावर व्हॉल्व्ह बसवा: एक गटाराकडे, दुसरा गाळणीकडे. गाळणी म्हणजे झाकणाचं पिंप. तळाला मोठी खडी, मध्ये बारीक खडी, वर जाड वाळू आणि वाळूवर जाळी. तिथून पाणी विहिरीत, शोषखड्ड्यात किंवा टाकीत.

गटाराकडचा व्हॉल्व्ह कशाला? गच्चीवर आठ महिन्यांची धूळ, काजळी आणि कबुतरांची विष्ठा साठलेली असते. पहिल्या वर्षी आम्ही मृगाचा पहिला पाऊस कौतुकानं थेट विहिरीत घेतला. नारळ फोडला, पेढे वाटले. पंधरा दिवसांनी विहिरीला असा वास सुटला की खिडक्या लावून घ्याव्या लागल्या, मग पंप लावून ती उपसली. तेव्हापासूनचा नियम असा: मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची खराट्यानं झाडून घ्यायची, पहिले दोन-तीन मोठे पाऊस गटाराला द्यायचे, पाइपातून येणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघायचं आणि ते नितळ दिसलं की व्हॉल्व्ह फिरवायचा. मध्ये आठवडाभर उघडीप पडली तर पुढच्या पावसाची पहिली दहा मिनिटं पुन्हा गटाराला.

अंगणातलं, गाड्या उभ्या असतात तिथलं पाणी विहिरीत घेऊ नका, त्यात तेल असतं.

शोषखड्डा सगळीकडे चालत नाही, हे कोणी सांगत नाही. मुंबईच्या पोटात काळा पाषाण आहे. तो पाणी पीत नाही, त्याच्या भेगा आणि वरचा मुरूम पितो. त्यातून खाडीकाठच्या आणि भरावाच्या जमिनीत जुलैमध्ये पाणी असंही हातभर खालीच असतं. अशा ठिकाणी खड्डा खणला तर त्याचं डबकं होतं. म्हणून पहिल्या पावसाळ्यात काही बांधू नका. आसपासची विहीर जुलैमध्ये किती वर येते ते बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आली तर शोषखड्ड्याचे पैसे वाचवा आणि दोन टाक्या घ्या. नवी बोअर मारायचा विचार मनातून काढा. कारण पुढच्या पायरीत.

पायरी ५: विहिरीशी ओळख

विहीर असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तर ही पायरी तरीही वाचा, शेजारच्या सोसायटीत असेल.

मुंबईत समुद्र जवळ म्हणजे विहीर खारट, असं सरळ समीकरण नाही. चर्चगेटजवळची भिका बेहरामची विहीर १७२५ सालची. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे, तरी पाणी गोड. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी हलकं असतं, त्यामुळे मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. वरवरचं, हळूहळू काढलं तर गोडंच येतं. मोठा पंप लावून भराभर ओढलं, किंवा बोअर मारून खोलवर गेलं, की खालचं खारं वर चढतं. ते एकदा चढलं की खाली जायला पावसाळे लागतात. पाऊस विहिरीत सोडण्याचा खरा फायदा साठवणीइतकाच खाऱ्याला खाली ठेवणाऱ्या गोड्या पाण्याच्या दाबाचा आहे.

दोन वस्तू आणा. एक टीडीएस मीटर, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, पेनाएवढा असतो आणि काही शेकड्यांत मिळतो. दुसरी साधी दोरी. दोरीला फुटा-फुटावर गाठी मारा, दर पाचव्या गाठीला लाल चिंधी बांधा, टोकाला दगड. आमची दोरी विहिरीच्या कठड्यावरच्या खिळ्याला टांगलेली असते. दर रविवारी सकाळी दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या, एक तांब्या पाणी काढायचं, मीटर बुडवायचा आणि तारीख, गाठी, आकडा असं तीन रकान्यांत लिहायचं. हे काम आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीला दिलं आहे. मोठी माणसं दोन महिन्यांत कंटाळली होती.

विहिरीचा व्यास ३ मीटर असेल तर एक फूट पाणी म्हणजे साधारण २,१५० लिटर. आमच्या बागेला हे तेरा दिवस पुरेल. गाठींवरून तुम्हाला कळेल की रोजच्या उपशानं पाणी किती उतरतं आणि रात्रीत किती भरून येतं. भरून येतं त्याहून जास्त काढायचं नाही. खाडी जवळ असेल तर उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीला एकदा मोजून बघा. आकडा हलला तर खाडीशी नातं आहे, जपून वागा.

मीटरच्या आकड्याचं काय करायचं? ५०० च्या आत असेल तर काहीही लावा. १,००० पर्यंत पालक, बीट, माठ तग धरतात, घेवडा आणि फरसबी नाही. त्यापुढे विहिरीचं पाणी एसीच्या पाण्यात निम्मंनिम्म मिसळून घाला. १,५०० च्या पुढे भाजीला घालूच नका, फ्लशला वापरा. आमचा आकडा श्रावणात ३०० च्या आत असतो आणि मेमध्ये १,४०० च्या वर जातो. दुसऱ्या वर्षी मीटर नव्हता तेव्हा मार्चमध्ये घेवड्याच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी, मग कागदासारख्या कुरकुरीत झाल्या. आम्ही पाणी कमी पडतंय समजून आणखी विहिरीचंच घातलं. आठवड्यात वाफा गेला. वाफ्यावर पांढरट पापुद्रा दिसला की समजा, क्षार साचलेत. मुंबईचा पाऊस ते दर वर्षी धुऊन नेतो, हे मात्र आपलं भाग्य. कमी पावसाच्या गावात ते साचतच राहतात.

विहिरीचं पाणी पिऊ नका. कितीही गोड असलं तरी शेजारून मलनिस्सारणाची जुनी वाहिनी गेलेली असते.

पायरी ६: डास

साठवलेलं पाणी आलं की डास आलेच. मुंबईत डेंग्यू आणि मलेरियाचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात. टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लोच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी, कुंड्यांखालच्या बशा फेकून द्या, आणि आठवड्यातून एक दिवस सगळी उघडी भांडी रिकामी करून वाळवा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. विहिरीत गप्पी मासे सोडा. पण ते विहिरीतच राहू देत, नाल्यात किंवा तलावात सोडू नका, तिथल्या देशी माशांना ते भारी पडतात. तपासणीला आलेल्या माणसाला आमच्या एका रिकाम्या रंगाच्या डब्यात अळ्या सापडल्या, तेव्हा सगळ्यांसमोर जी शरम वाटली ती दंडापेक्षा जास्त होती.

पायरी ७: वाफा आणि मडकं

वाफ्यात माती कमीत कमी. विटांची एकपदरी चौकट, तळाला शहाळ्याच्या सालींचे तुकडे, त्यावर सुका पाचोळा आणि उसाची चिपाडं, त्यावर ओल्या कचऱ्याचं मुरलेलं खत आणि वर दोन बोटं लाल माती. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी अशाच पालापाचोळ्यावर आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली होती, त्यामुळे हे होतं का अशी शंका घेऊ नका. चिपाडं रसवाल्याकडून फुकट मिळतात, पण आणली तशी घातली तर मुंग्यांची जत्रा भरते. दोन दिवस भिजवून, वाळवून घाला. विकतचं कोकोपीट असेल तर दोनदा धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं.

मातीवर ऊन पडलं नाही पाहिजे. तीन-चार बोटं पाचोळ्याचं आच्छादन असलं तर पाणी निम्म्यावर येतं, हा माझा अनुभव. ऑक्टोबरच्या उन्हात हात घालून बघा: वर पाचोळा कडकडीत, खाली माती गार.

आणि मडकं. ठिबकचा संच घेण्याआधी हे करून बघा. धारावीच्या कुंभारवाड्यातून पाच लिटरची साधी मडकी आणा, रंगवलेली किंवा चकचकीत नकोत. घरी आणून पाण्यानं भरा आणि दोन तास ठेवा. बाहेरून अंग ओलसर झालं, हाताला गार लागलं तर घ्या. कोरडंच राहिलं तर ते पाझरणार नाही. मग वाफ्यात गळ्यापर्यंत पुरा, भरा, तोंडावर चपटी बशी पालथी ठेवा. भोवती वीतभर अंतरावर बिया लावा. माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी ओढलं जातं, ओली असली की थांबतं. वरून शिंपडलेलं बरंच पाणी उन्हात उडतं, इथे ते थेट मुळाशी. एका मडक्यानं तीन-चार मिरच्या किंवा एक दोडक्याचा वेल सांभाळला जातो आणि दोन-तीन दिवसांनी भरलं तरी चालतं. हंगाम संपल्यावर एक मडकं उकरून काढलं तर त्याच्या अंगाला मुळांची जाळी इतकी घट्ट बसली होती की ती सुरीनं सोडवावी लागली.

वर्षभरानं मडक्याच्या गळ्याशी पांढरी खर जमते आणि छिद्रं बुजतात. काथ्यानं घासून, पावसात चार दिवस पालथं ठेवून पुन्हा वापरा. दोन वर्षांनी नवं.

युरिया वगैरे घालू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. आमच्या गच्चीवरून वाहिलेलं सगळं नाल्यातून ठाणे खाडीत जातं. तिथे तिवरं आहेत, कोळ्यांची जाळी आहेत, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. तिथे त्यांचं अभयारण्य आहे, आणि २०२२ पासून त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा आहे.

पायरी ८: काय, कधी, आणि कधी थांबायचं

पावसाळ्यात बागेला पाणी लागतच नाही. तेव्हा वेल चढवा: शिराळी, घोसाळी, पडवळ, काकडी. अळू आणि मायाळू आपोआप येतात. पालेभाजी पावसाच्या माऱ्यानं झोपते, तिचा हट्ट नको. गणपती झाले की मेथी, मुळा, पालक, माठ पेरा. विहीर भरलेली असते, टाक्या भरलेल्या असतात आणि उन्हं कलतात. हाच खरा हंगाम, जानेवारीपर्यंत. फेब्रुवारीत भेंडी, गवार, चवळी, मिरची मडक्यांवर.

एप्रिलपासून वाफे कमी करा. आम्ही ४० चौरस मीटरपैकी १५ च चालू ठेवतो, तेवढ्याला एसीचं आणि धुवणाचं पाणी पुरून उरतं. बाकीच्या वाफ्यांवर जाड पाचोळा टाकून त्यांना झोपवतो. बारा महिने हिरवी गच्ची हवी असा आग्रह दर सभेत कोणीतरी धरतं. त्या सभासदाला मी वहीतलं मेचं पान दाखवते: दोरीच्या गाठी एका बाजूला, मीटरचा आकडा दुसऱ्या बाजूला. शेवगा, कढीपत्ता आणि मोरीकडचं अळू मेमध्येही असतं, तेवढं पुष्कळ.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गाळणीतली वाळू बाहेर काढून, धुऊन, उन्हात पसरा. जाळी फाटली असेल तर बदला. पन्हळीत कबुतरांनी घरटं केलं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा, मग काढा. मडकी उकरून घ्या. गटाराकडचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना ते स्वतः हातानं फिरवून बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.